दर चुलीमागे एकशे एक

तीन वर्षांपूर्वीचा श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. जागा: इंदूरच्या पश्चिमेकडची आमची सहजीवन कॉलनी, बर्व्यांचा व्हरांडा. रक्कम: एक लाख एक्कावन्न हजार रुपयांचा एक चेक, आणि त्याच्या शेजारी दहाच्या दहा नोटा व रुपयाचं एक नाणं. हजर माणसं चार. चेक आणणारे गोयलजी, नोटा आणणारी रेखा, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन बसलेला मी, आणि वेताच्या खुर्चीत आत्या.

गोयलजी म्हणजे आमच्या कॉलनीतली सगळ्यात मोठी असामी. मल्हारगंजात त्यांचा लोखंडी सामानाचा ठोक व्यापार. कॉलनीतले जुने दोन प्लॉट घेऊन त्यांनी चार मजली इमारत उठवायला घेतली होती. त्या बांधकामाचा चौकीदार परसराम, आणि रेखा ही परसरामची बायको. नवरा-बायको आणि दोन मुलं बांधकामाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहत.

"आत्याजी," गोयलजी म्हणाले, "इस बार आप लोग किसी के दरवाजे मत जाओ. पूरी कॉलोनी की वर्गणी मेरी तरफ से. मांडव, मूर्ती, प्रसाद, सब इसमें हो जाएगा."

आत्यांनी चेक हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला आणि पितळी पेल्याखाली दाबून ठेवला.

"रेखा, पहले तू बोल. लाइन चालू है."

"हमारे चूल्हे के, आत्याजी," रेखा म्हणाली. तिने नोटा माझ्यासमोर ठेवल्या. आत्यांनी मान हलवली आणि मी त्या वर्षीची पहिली पावती फाडली. नाव, रेखा परसराम. रुपये, एकशे एक.

"गोयलजी, आता तुमचे. एकशे एक."

"चेक तो दे दिया ना!"

"तो पाहिला मी. आकडा जास्त झालाय."

गोयलजी हसले, पण ओठांनीच. "मेरा पैसा खोटा है क्या, आत्याजी?"

"खोटा असता तर आमच्या या पावतीवाल्या सतीशने ओळखला असता. तो पोलोग्राउंडच्या कारखान्यात हिशेबच करतो. पैसा चांगला आहे भिया, पण सगळ्यांचं तुम्ही भरलं तर आरती कोणाची?"

"सबकी!"

"पावती नाही तर पाळी नाही. पाळी नाही तर सबकी कशी?" मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

गोयलजींनी हात जोडले. "सोच के बताना. चेक यहीं है," म्हणाले आणि गेले. जाताना त्यांनी रेखाकडे पाहिलंही नाही. रागाने नव्हे, त्या माणसाला तशी सवयच नव्हती. रेखा मात्र पावती पदराच्या टोकात बांधत उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "भैयाजी, चेक ले लिया तो मेरी ये रद्द हो जाएगी क्या?"

मी पावतीपुस्तक मिटलं. पुढचे आठ दिवस कॉलनीत चर्चा झाली ती या एका प्रश्नाची, फक्त ती करणाऱ्यांना रेखा आठवत नव्हती.

आत्या आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी तो पेला आणि त्याखालचा चेक दिसतो, म्हणून तिथून सुरुवात केली.

त्यांचं नाव कुमुद बर्वे. बर्वे मास्तरांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मास्तरांची मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून आम्ही शेजारची मुलंही आत्या म्हणू लागलो, आणि पुढे हिंदीभाषक शेजारी आले त्यांनी त्याला जी जोडला. आमच्या वरच्या गल्लीतल्या राठोडांची मुलगी शाळेत सांगत असे की आमच्याकडे आत्याजी नावाच्या एक बाई आहेत. आडनाव विचारलं तर म्हणायची, "आत्याजी ही पूरा नाम है."

त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेली. त्या काळी कॉल तीन मिनिटांचा असे आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये पडून विचारत असे, वाढवू का. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, ही सवय सुटली नाही. दारात कोणी आलं की "बोला, लाइन चालू आहे," आणि माणूस पाल्हाळ लावू लागला की "तीन मिनिटं झाली." त्यांचं म्हणणं असं, की ज्याला खरंच काही सांगायचं असतं ते पहिल्या मिनिटात सांगून होतं, दुसऱ्यात तो तेच पुन्हा सांगतो आणि तिसऱ्यात दुसऱ्याची निंदा करतो. मी बऱ्याच बैठकांत घड्याळ लावून पाहिलं आहे. त्यात फार फरक पडत नाही.

सुती साडी, आणि पायात पांढरे धावण्याचे बूट. ते बंगळूरला असणाऱ्या पुतण्याने पाठवले होते. ते घालून त्या रोज सकाळी कॉलनीची एक फेरी मारत आणि वाटेत स्वयंपाकघरांच्या खिडक्यांकडे बघत जात. नवीन माणसांना ते विचित्र वाटे. जुन्यांना माहीत होतं की आत्या चुली मोजताहेत.

आमच्या कॉलनीत गणपतीची वर्गणी घरामागे नसते, चुलीमागे असते. हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. ज्या चुलीची पावती फाटली त्या चुलीला दहा दिवसांत एका आरतीची पाळी मिळते. पावती ज्या क्रमाने फाटते त्याच क्रमाने पाळ्या लागतात. वर्गणी सगळ्यांना सारखी. आणि पावती घरमालकाच्या नावाने नसते, चूल पेटवणाऱ्याच्या नावाने असते. हे चारही नियम आत्यांमुळे झाले.

चूल म्हणजे काय, याची त्यांची कसोटी एकच होती. "दूध कुठे तापतं?"

कॉलनी वसली तेव्हा प्लॉट होते चोवीस. घेणारे सगळे कारकून, मास्तर, रेल्वेतले आणि गिरणीतले लोक, जवळजवळ सगळे मराठी. मल्हारगंजातून इकडे यायला टांगेवाला तयार होत नसे, म्हणून प्लॉट स्वस्त. माझ्या वडिलांनी आमचा प्लॉट चार हजार आठशेला घेतला, तेव्हा त्यांचा पगार तीनशे दहा होता. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा तेवढाच प्लॉट दोन कोटी दहा लाखांना गेला. घेणाऱ्याने घर पाडून तिथे मुलांचं हॉस्टेल बांधलं. वर्गणी पहिल्या वर्षी अकरा रुपये होती. चोवीस घरं, चोवीस पावत्या.

पंचविसावी पावती आत्यांची. ही हकीकत वडिलांनी मला बऱ्याचदा सांगितली. ते तेव्हा मंडळाचे चिटणीस होते.

मास्तरांच्या बायकोचं आणि आत्यांचं पटेना. भांडण मोठं नव्हतं, पण रोजचं होतं. शेवटी आत्यांनी मागची खोली घेतली आणि तिथे वातीचा स्टोव्ह मांडला. त्या वर्षी वर्गणी गोळा करायला मंडळी आली तेव्हा मास्तरांनी अकरा रुपये दिले, आणि आत्या मागच्या दाराने आपले अकरा घेऊन पुढे आल्या.

"कुमुदताई, एका घराची एकच वर्गणी," मंडळी म्हणाली.

"घर एक आहे. चूल वेगळी आहे."

"पण तुम्ही एकट्या."

"एकटीला भूक कमी लागते काय?"

पैशाला कोणाची हरकत नव्हती. अडचण पुढे होती. पावती फाडली की आरतीची पाळी द्यावी लागणार, आणि त्या काळी आरतीचं तबक घरचा कर्ता पुरुष धरत असे. बिनलग्नाची, नोकरी करणारी, भावाशी वेगळी चूल मांडलेली बाई तबक कशी धरणार? बैठक झाली. मास्तर मान खाली घालून बसले होते. एकाने विचारलं की वेगळी चूल म्हणजे तरी काय, चहापुरता स्टोव्ह तर आमच्या माळ्यावरही आहे. तेव्हा आत्या म्हणाल्या, "माझ्याकडे दूध तापतं. गवळी माझा अर्धा शेर वेगळा घालतो. विचारा त्याला."

गवळ्याला खरंच विचारलं. तो म्हणाला, "दो बर्तन, दो हिसाब." वडिलांनी कोणाची परवानगी न घेता पंचविसावी पावती फाडली आणि नियमातला 'घर' शब्द खोडून 'चूल' लिहिला. नवव्या दिवशी सकाळी आत्यांनी तबक धरलं. आरतीला पुरुष कमी आले, बायका मात्र सगळ्या आल्या. वडील म्हणत, "त्या दिवशी आरती सुरात झाली, कारण म्हणणाऱ्यांना पाठ होती."

त्या नंतरच्या वर्षांत कॉलनी कशी बदलत गेली हे मी पावत्यांवरच्या नावांवरून सांगू शकतो. आधी सगळ्या जोशी, कुलकर्णी, देशपांडे. मग मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली, म्हाताऱ्यांनी वरचे मजले भाड्याने दिले. मग राठोड आले, त्रिवेदी आले, गोयल आले. पोलोग्राउंडच्या कारखान्यांत काम करणारी बिऱ्हाडं मागच्या खोल्यांत आली. केरळची एक नर्स आली. तिने भीत भीत विचारलं की मी चर्चला जाते, मी वर्गणी दिली तर चालेल का. आत्या म्हणाल्या, "दूध तापतं ना?" तिने आपल्या पाळीला तबक धरलं आणि खोबऱ्याची वडी वाटली. तशी वडी कॉलनीने आधी खाल्ली नव्हती, नंतरही नाही.

हॉस्टेलमध्ये खरगोन, धार, बडवानीकडून आलेली चौदा मुलं होती. खाली मेस, म्हणून एक चूल. दोन मुलं तक्रार घेऊन आली की आम्ही गच्चीत किटलीवर नूडल्स करतो, आम्हाला वेगळं धरा. आत्या म्हणाल्या, "ती चूल नाही रे, ती भूक आहे. या इकडे." आणि दोघांना पोहे खायला घातले.

सगळ्यात गमतीचं प्रकरण निनाद आणि गौरीचं. दोघं पुण्याहून आलेली, दोघं मोठ्या कंपनीत, दोघांचा मिळून महिन्याचा पगार माझ्या वर्षाच्या निम्म्याला टेकणारा. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराला आठ लाख लागल्याचं गौरीनेच सांगितलं. वर्गणीला गेलो तेव्हा आत्या बरोबर होत्या. त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं.

"सुंदर आहे. दूध कुठे तापतं?"

"आम्ही ब्लॅक कॉफी घेतो, आत्या. आणि जेवण बाहेरून येतं."

"कधीच नाही तापत?"

"पॅकेटचं दूध तापवावं लागत नाही हो. ते आधीच..."

"मग पुढल्या वर्षी बघू," म्हणून आत्या वळल्या.

गौरीला फार लागलं. निनाद माझ्यामागे जिन्यापर्यंत आला. "काका, हे काय? आम्ही या कॉलनीत राहत नाही का?" मी म्हणालो, "राहता. फक्त चूल मांडायची राहिली असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात जळक्या दुधाचा वास सुटला आणि गौरी फोन कानाला तशीच धरून आत्यांच्या व्हरांड्यात आली.

"आत्या, उतू गेलं!"

"मग पक्की झाली चूल. नाव सांग."

"गौरी..."

"तापवलं कोणी?"

तिने फोन खाली घेतला. "निनादने. मी मीटिंगमध्ये होते."

पावती निनादच्या नावाने फाटली. त्याने ती फ्रिजवर चिकटवली आहे.

मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे एक गोष्ट मला खुपत असे. एकदा मी ती आत्यांना बोलून दाखवली. "सगळ्यांना सारखी वर्गणी हे बरोबर नाही. गोयलजींना एकशे एक म्हणजे काहीच नाही. रेखाला ती पाव दिवसाची कमाई. टक्क्यांत बघितलं तर गरीब जास्त देतो."

आत्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, म्हणजे प्रश्न मान्य होता. "आकडा ठरतो कसा, माहीत आहे तुला?"

मला वाटत होतं बैठकीत ठरतो.

"बैठकीत जाहीर होतो. त्याआधी मी कॉलनीतल्या सगळ्यात हलक्या चुलीपाशी जाऊन विचारते, किती झेपेल. ती म्हणेल तो आकडा. अकराचे एकवीस झाले तेव्हा गिरणी बंद पडलेल्या पवारांना विचारलं होतं. एक्कावन्नच्या वेळी धुणंवाल्या शांताला. एकशे एक रेखाने सांगितले. मी एक्कावन्नच म्हणत होते, ती म्हणाली नाही, एक सौ एक दूँगी. गोयलांकडे बघून आकडा ठरवला तर अर्धी कॉलनी मांडवाबाहेर उभी राहील."

"आणि खर्च?"

"त्याला पेटी आहे की. पेटी पावती फाडत नाही."

मांडवातल्या दानपेटीबद्दल त्या बोलत होत्या. मी पुन्हा तो मुद्दा काढला नाही.

आता त्या चेककडे येतो. पुढच्या रविवारी बैठक भरली. हॉस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये, चाळीसएक माणसं. रेखाही आली होती, दाराशी उभी. बहुतेकांचं मत चेकच्या बाजूने होतं आणि का नसावं? दारोदार जायला नको, मांडव मोठा, मूर्ती मोठी. पलासियात कोचिंग क्लास चालवणारे त्रिवेदी सर बोलायला उठले.

"देखिए, कॉलोनी का स्टेटस बदला है. आता दहाच्या नोटा मोजत बसायचं का? गोयलजी मन से दे रहे हैं. आणि एक सांगतो, बुरा मत मानना, कंस्ट्रक्शन साइट का चूल्हा भी चूल्हा गिना जाता है! इमारत पूर्ण झाली की ते लोक जाणार. कॉलनी आपली आहे की येणाऱ्या-जाणाऱ्यांची?"

रेखाने पदराची गाठ मुठीत धरली. आत्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

"त्रिवेदी सर, तुम्ही इथे कधी आलात?"

"अकरा साल हो गए."

"भाड्याने आला होता. जोश्यांच्या वर. तेव्हा मालक जोशी म्हणाले होते, भाडेकरूची पावती कशाला, ते काय आज आहेत उद्या नाहीत. तुमच्या मिसेसनी त्या दिवशी दूध तापवून ठेवलं होतं. मी वर येऊन पाहिलं होतं."

हॉलमध्ये हसू फुटलं. त्रिवेदी सरही हसले, पण खाली बसले नाहीत. "वो ठीक है. पर चेक का क्या?"

यावर आत्या काही बोलणार एवढ्यात मागून आवाज आला.

"मैं बोलूँ?"

सुनीता गोयल. गोयलजींची पत्नी. नऊ वर्षांत मी त्यांना बैठकीत बोलताना ऐकलं नव्हतं. गोयलजींनी वळून पाहिलं, "तुम क्या बोलोगी?"

"लाइन चालू आहे," आत्या म्हणाल्या.

सुनीताबाई उभ्या राहिल्या. पहिली दोन वाक्यं कोणाला ऐकू आली नाहीत, मग आवाज लागला. "हम मल्हारगंज में थे तो उन्नीस लोग, एक रसोई. रसोई सासूजी की. दुकान जेठजी के नाम, ये मकान इनके नाम, गाडी बेटे के नाम. यहाँ आए तो आत्याजी ने पूछा, दूध किसने गरम किया. मैंने कहा मैंने. तो रसीद मेरे नाम की. नौ साल की नौ रसीदें मैंने पूजाघर में रखी हैं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आप चेक दोगे तो इस साल मेरी नहीं बनेगी. मैं एक सौ एक दूँगी. आप अपना चेक रखिए."

 गोयलजी बायकोकडे वळले. व्यापारी माणूस, सौदा कुठे संपतो हे त्याला कळतं. मग मोठ्याने म्हणाले, "लो भिया, घर में ही पार्टी बदल गई!" आणि स्वतःच पहिले हसले. मग बायकोला हळू आवाजात विचारलं, "नौ रसीदें? मुझे बताया नहीं."

"आपने पूछा नहीं."

मी पावतीपुस्तक उघडलं. आठ दिवस वसुली थांबलेली होती, त्यामुळे पावती क्रमांक दोन सुनीता गोयल यांची झाली. त्यांच्यामागे बायकांची रांगच लागली. तिसरी त्रिवेदी सरांच्या मिसेसची. सरांनी खिशातून शंभराची नोट काढून दिली आणि वरच्या एका रुपयासाठी सगळे खिसे चाचपले. शेवटी तो रुपया दाराशी उभ्या रेखाने दिला. सरांनी तो घेतला, दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर जाऊन परत केला, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्या कॉलनीला सांगितली. माणूस वाईट नाही, हे यावरून नोंदवतो.

आत्यांनी चेक पेल्याखालून आणला होता. तो त्यांनी गोयलजींना परत दिला. त्या वर्षी पेटीत किती निघाले ते मला ठाऊक आहे, कारण मोजले मी. कोणी टाकले ते लिहिण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

एकशे अठरा चुली झाल्या. वीस आरत्या, प्रत्येकीला सहासहा चुली, दोनदा पाच. पहिल्या आरतीला पहिले सहा क्रमांक. म्हणजे गणपती बसला त्या सकाळी तबकाला पहिला हात रेखाचा, दुसरा सुनीताबाईंचा. परसराम साइटच्या खाकी कपड्यांतच आला होता. गोयलजी त्याच्या शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते, तालात नव्हे, पण मनापासून. आत्या पुढच्या खुर्चीवर, पांढरे बूट जमिनीवर ठेका धरून. आरती लांबली तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी जवळ वाकून म्हणालो, "आत्या, तीन मिनिटं होऊन गेली." त्या म्हणाल्या, "वाढवली मी."

मी या कॉलनीत जन्मलो आणि इथेच नोकरी करून इथेच राहिलो. माझ्या बरोबरची मुलं मोठ्या शहरांत गेली, त्यांचे पगार माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. ते फोनवर विचारतात, तिकडे आता आपलं काय उरलं आहे रे? मी त्यांना त्या सकाळची आरती सांगतो.

त्या हिवाळ्यात इमारत पूर्ण झाली आणि पत्र्याची खोली पाडली. त्रिवेदी सर म्हणाले होते तसं परसरामला आता जायचं होतं. चौकीदाराचं काम त्याच इमारतीत मिळालं, पण राहायला जागा नव्हती. आत्यांनी पुतण्याला बंगळूरला फोन केला, तीन मिनिटांत बोलणं संपवलं आणि रेखाच्या कुटुंबाला मागची खोली भाड्याने दिली. ज्या खोलीत एकेकाळी वातीचा स्टोव्ह मांडला होता तीच.

पुढे फाल्गुनात आत्यांचा पाय मोडला. ऑपरेशन झालं, घरी आल्या, पण ओट्यापाशी उभं राहणं बंद झालं.

श्रावणातला शेवटचा रविवार आला. मी पावतीपुस्तक घेऊन नेहमीप्रमाणे आधी त्यांच्याकडे गेलो. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होत्या, पायात तेच बूट, चालायचं नव्हतं तरी. रेखाने त्यांच्यासमोर स्टीलचा ग्लास आणून ठेवला. दुधावर साय आली होती.

"बोल सतीश, लाइन चालू आहे."

"आत्या, यंदा पहिली पावती तुमची फाडतो."

"कशी फाडशील?"

"म्हणजे?"

त्यांनी ग्लासाकडे बोट केलं. "दूध कुठे तापलं?"

मी मागच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत शेगडीवर पातेलं दिसत होतं.

"आत्या, तुमचं निराळं आहे. नियम तुम्हीच केला."

"म्हणूनच. माझ्याकडे दूध तापत नाही, फाल्गुनापासून नाही. मी रेखाच्या चुलीवरची आहे." त्यांनी सायीचा ग्लास उचलला. आवाजात दुःख म्हणाल तर नव्हतं. शेवटचा कॉल नीट जोडून दिल्यावर ऑपरेटरच्या आवाजात असावं तसं काहीतरी होतं. "पंचविसावी पावती मिळवायला मला पूर्ण बैठक भरवावी लागली होती. सोडायला कोणाला विचारायची गरज नाही. लिही तिचं नाव."

रेखा दारात आली. ती म्हणाली, "आत्याजी के भी मैं अलग से दे देती हूँ ना, भैयाजी."

"गप्प बैस," आत्या म्हणाल्या. "एका चुलीचे एकदाच. हिशेब बिघडवू नकोस." आणि माझ्याकडे वळून, "तीन मिनिटं झाली. पुढच्या घरी जा."

मी फाटकापर्यंत जाऊन मागे पाहिलं. त्या दूध पीत होत्या, रेखा त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती, आणि त्या तिला काहीतरी सांगत हसत होत्या. त्या वर्षीच्या दिवाळीआधी त्या गेल्या. मला त्या तशाच दिसतात.

पावतीवर माणसांची संख्या लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. त्या एका पावतीवर मी लिहिली. क्रमांक एक. रेखा परसराम यांजकडून सहजीवन कॉलनी गणेशोत्सव मंडळास रोख मिळाले रुपये एकशे एक. माणसे पाच, चूल एक.